दहा मिलिसेकंद

संचिता म्हसकर नेमकं काय काम करते, हे तिच्या सासूबाईंना शेजारणींना सांगता यायचं नाही. "कॉम्प्युटरचं," एवढं म्हणून त्या विषय बदलायच्या. ठाण्याच्या नौपाड्यात प्रभाकर सामंतांची अकरा माणसांची कंपनी होती. कारखान्यांत भिंतीवर बसवायचे कंट्रोलर तिथे तयार व्हायचे. राखाडी डबा, आत एक बोर्ड, समोर लहानशी स्क्रीन. डब्यात ऑपरेटिंग सिस्टिम चालायची, पण तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, त्या बोर्डावर काय काय आहे हे आपोआप कळत नसे. ते एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागे. सीरियल पोर्ट किती, प्रत्येकाचा पत्ता काय, तो कुठल्या घड्याळावर चालतो, कुठला पोर्ट दोन तारांवर बोलतो, आणि बोलणं संपल्यावर लाइन कधी सोडायची. ती फाइल संचिता लिहायची. कर्नल त्यातलं सगळं खरं मानून चालतो. नऊ वर्षं ती हे करत होती, आणि तिच्या फाइलीत चूक सापडत नाही असा ऑफिसात लौकिक होता.

नोव्हेंबरात कल्याणला खाडीच्या बाजूच्या एका बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळला. तिथे कंपनीचा डबा होता आणि त्याला दोन तारांनी जोडलेला वायू मोजणारा डिटेक्टर. तानाजी नावाचे ऑपरेटर त्या दुपारी कॉम्प्रेसरवर होते. वास आला, पण बर्फाच्या कारखान्यात थोडा वास रोजचाच. त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. आकडा बारा. बारा म्हणजे काही नाही. ते मास्क न घालता व्हॉल्व्ह आवळायला आत गेले. खरा आकडा तेव्हा बाराच्या कितीतरी पट होता. भोंगा वाजला तो चार मिनिटांनी, तोवर त्यांना बाहेर ओढून आणलेलं होतं. जीव वाचला. डावा डोळा अधू झाला आणि घसा असा भाजला की आवाज घोगरा झाला, तो झालाच.

कंपनीने चौकशी केली. डब्यातल्या नोंदींत डिटेक्टरची पुष्कळ उत्तरं आलेलीच नव्हती. डबा मिनिटाला एकदा विचारी, आणि उत्तर नाही आलं की स्क्रीन आधीचा आकडा तसाच दाखवत राही; त्या दुपारी ओळीने चार उत्तरं गळली होती. उत्तरं गळतात म्हणजे तार सैल, हे कोणीही म्हणेल. आणि पॅनेल उघडल्यावर एक स्क्रू खरंच सैल सापडला. वायरिंग नव्याने केलं, स्टोअरमधला दुसरा डिटेक्टर लावला, तेव्हापासून एकही उत्तर चुकलं नाही. अहवालात लिहिलं गेलं: जोडणीतला दोष. जोडणी केली होती दर्शन केणीने. डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या खाडीकाठचा हा कोळ्याचा मुलगा, वय पस्तिशीचं, सहा वर्षं कंपनीची वायरिंगची कामं घेणारा. त्याची कामं बंद झाली.

संचितालाही तेव्हा ते पटलं होतं. खरं म्हणजे हायसं वाटलं होतं.

जानेवारीत ती कर्नलच्या नव्या आवृत्तीवर बोर्ड तपासत होती. टेबलावर डबा होता, शेजारी डिटेक्टर, खोक्यातून नुकताच काढलेला, कल्याणला अपघाताच्या वेळी होता त्याच बनावटीचा. तार हातभर लांब, तिनेच जोडलेली. शंभर वेळा विचारलं तर एकतीस वेळा उत्तर नाही. तिने तार बदलली. बत्तीस. त्याच बनावटीचा दुसरा डिटेक्टर लावला, डबा बदलला, तरी तेच. मग स्कोप, म्हणजे तारेतला सिग्नल रेघेत दाखवणारं यंत्र, लावला आणि लाइनवरची रेघ बघत बसली.

दोन तारांवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. डब्याने प्रश्न विचारला की त्याने लाइन सोडायची, मग डिटेक्टर बोलणार. स्कोपवर दिसत होतं की डबा प्रश्न विचारून झाल्यावरही लाइन धरून बसतोय, दहा मिलिसेकंद. नवा डिटेक्टर चपळ होता. तो कधी बारा मिलिसेकंदांत उत्तर द्यायचा, कधी चारच मिलिसेकंदांत. चारमध्ये दिलं की त्याच्या उत्तराचे पहिले शब्द डब्याच्या धरून ठेवलेल्या लाइनवर आपटून मरायचे. जुना डिटेक्टर निवांत, वीस मिलिसेकंद घ्यायचा. कल्याणला स्टोअरमधून आणून लावलेला डिटेक्टर जुनाच होता. म्हणून त्यानंतर काही चुकलं नाही.

तिने फाइल उघडली. चौथ्या सीरियल पोर्टचं वर्णन. त्यात एक ओळ, लाइन कधी धरायची आणि कधी सोडायची त्याची: शून्य आणि दहा. बाजूला तिचं नाव आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख. तिला आठवलं. आधीच्या एका बोर्डाला दहा लागायचं, तिथून तिने ते वर्णन उचललं होतं, पत्ता आणि घड्याळ बदललं होतं, आणि ही ओळ तशीच राहिली होती. तिच्या हातून दुसरं काही झालं नव्हतं. एवढंच झालं होतं.

दहाच्या जागी शून्य लिहून तिने पुन्हा लावलं. शंभरपैकी शंभर. दोनदा केलं. मग उठून बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

प्रभाकर सामंत साठीचे. गणिताच्या मास्तरांचा मुलगा. बोलणं शांत, पुणेरी. तिला त्यांनीच शिकवून तयार केलं होतं. त्यांनी स्कोपवरची रेघ स्वतः पाहिली आणि खुर्ची ओढून बसले.

"हे आणखी कोणाला दाखवलंस?"

"नाही सर."

"बरं केलंस." ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "हे बघ, दुरुस्ती करायची, यात प्रश्नच नाही. नवा डिटेक्टर आणखी दोनच ठिकाणी आहे. मुरबाड रोडचं कोल्ड स्टोरेज आणि डोंबिवली एमआयडीसीच्या फेज टूमधलं ते युनिट. मार्चच्या देखभालीत तिथे नवं सॉफ्टवेअर टाकून येऊ."

"आणि अहवाल?"

"अहवाल विमा कंपनीकडे गेला आहे, कारखान्याकडे गेला आहे. तो आता मागे घेतला तर ही कंपनी राहील का, सांग मला. अकरा घरं आहेत, संचिता. त्यात तुझंही आलं."

"दर्शनचं काय सर?"

"त्याला बोलावू. थोडे दिवस जाऊ देत. नव्या कामावर घेऊ." मग आवाज खाली आणून म्हणाले, "स्क्रू सैल होता, हे तर खोटं नाही ना?"

खोटं नव्हतं. गॅस मारायला पाण्याचे फवारे मारले होते, पॅनेलची ओढाताण झाली होती, त्यात स्क्रू सैल होणारच. दोघांनाही हे माहीत होतं. संचिता "बरं" म्हणाली. पुढे कित्येक दिवस तिला त्या "बरं"चीच चीड येत राहिली.

दुरुस्ती तिने नोंदवली. बदलाचं कारण लिहायच्या जागी लिहिलं: किरकोळ साफसफाई.

त्याच आठवड्यात दर्शन ऑफिसात आला. कंपनीचा मीटर आणि ओळखपत्र त्याच्याकडे राहिलं होतं. रिसेप्शनला कोणी नव्हतं, म्हणून तो थेट संचिताच्या टेबलापाशी आला. स्कोप तिथेच होता, बंद.

"मॅडम, हे जमा करायचंय. सही द्या."

तिने मीटर घेतला, वहीत सही केली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तो जॉइंट मी तीनदा ओढून बघितलेला. घट्ट होता. शपथ घेऊन सांगतो. मग सुटला कसा?"

तिने वहीकडे बघत म्हटलं, "फवारे मारले ना, कदाचित त्यात..."

"ते मीपण बोललो सरांना. सर बोलले, मग आधीपासनं उत्तरं का गळत होती?" तो थांबला. त्याला खरंच उत्तर हवं होतं. तिच्यावर आरोप नव्हता. "तुम्ही आतलं बघता म्हणून विचारलं. जाऊ दे. चुकला असेल माझाच हात."

तो गेला. संचिता टेबलाशी बसून राहिली. त्याला चहासुद्धा विचारला नाही, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

घरी नवऱ्याला, स्वानंदला, तिने सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला काय करायचंय?" तिला तेच सांगता येत नव्हतं. ती म्हणाली, "मार्चपर्यंत काही झालं तर त्या दोन ठिकाणी?" आणि ती भाजी निवडत राहिली. निवडलेली मेथी तिने काड्यांच्या ढिगात टाकलेली त्याने गुपचूप परत वेचली.

फेब्रुवारीत एक छोटी गोष्ट घडली. कंपनीच्या बोर्डाचं वर्णन वर्षभरापूर्वी संचिताने मुख्य कर्नलमध्ये घालण्यासाठी, तो कर्नल मिळून लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांच्या ईमेल यादीवर पाठवलं होतं आणि ते स्वीकारलं गेलं होतं. आता त्यातली ती ओळ बदलायची तर तिथेही पाठवायला हवं होतं. तिने पाठवलं, तेच कारण लिहून. दोन दिवसांनी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. सौम्य होतं. दहाचं शून्य करणं ही साफसफाई नाही, यामुळे लाइनचं वागणं बदलतं. आधी काय बिघडत होतं? हा बोर्ड वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाला कळायला हवं. कृपया कारण लिहा.

माणूस कुठल्या देशातला तेही तिला माहीत नव्हतं. त्याने विचारलेलं मात्र दर्शनने विचारलेलंच होतं.

तिने कारण लिहिलं. जुन्या बोर्डावरून ओळ तपासल्याशिवाय उचलली, चपळ डिटेक्टरची उत्तरं त्यामुळे गळतात, सुरक्षेच्या यंत्रणेत हे धोकादायक आहे, प्रत्यक्षात एक अपघात यामुळे झाला आहे, चूक माझी. इंग्रजीत सात ओळी. पाठवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती खाली जाऊन उसाचा रस प्यायली. ग्लास अर्धा झाला तेव्हा तिच्या मनात आलं की हे वाचणारी माणसं सगळ्या जगात आहेत, फक्त मोठागावात नाहीत. तानाजी राहतात त्या आंबिवलीत नाहीत. मुरबाड रोडवर आज दुपारी कॉम्प्रेसरपाशी जो कोण उभा असेल, तोही हे वाचणार नाही. तिने कबुली दिली होती ती अशा ठिकाणी, जिथे तिचं काहीच जाणार नव्हतं. उरलेला रस तिने तसाच ठेवला.

शनिवारी सकाळी ती मोठागावला गेली. दर्शनचं घर खाडीच्या बाजूला, बाहेर ओळीने मासळीच्या रिकाम्या टोपल्या. त्याची आई चंद्रभागा उंबऱ्यात कोलीम, ती अगदी बारीक कोळंबी, निवडत होती. "दर्शनच्या हापिसातली काय गो तू? ये, बस," म्हणून तिने खुर्ची पुढे सरकवली आणि आत हाक मारली.

दर्शन बनियनवर बाहेर आला, तिला पाहून परत आत जाऊन शर्ट घालून आला. संचिताने जे सांगायचं ते एका दमात सांगितलं. शून्य, दहा, जुना डिटेक्टर, नवा डिटेक्टर. तो वायरमन होता. अर्ध्यातच त्याला सगळं समजलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"नऊ जानेवारीला."

"मी मीटर द्यायला आलेलो तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तो भिंतीला टेकला. ती ओरडण्याची वाट बघत होती, पण तो हळूच बोलला, म्हणून जास्त लागलं. "मॅडम, तीन महिने मी घरातला फॅनपण दोनदा चेक करतोय. साधा स्विचबोर्ड भरायला बोलावला तर रात्री परत जाऊन बघतो, स्क्रू घट्ट आहे ना. आईला बोललो, मला हे काम जमत नाय आता, मी गोमाजी मामाच्या होडीवर जातो. तुम्हाला काय माहीत, हातावरचा विश्वास गेला की काय होतं."

चंद्रभागाचे हात थांबले होते. "म्हंजे याचा दोष नव्हता?" तिने विचारलं.

"नव्हता," संचिता म्हणाली. "माझा होता."

म्हातारीने तिच्याकडे एकटक पाहिलं, मग कोलीमाचं ताट उचलून आत निघून गेली. परत बाहेर आली नाही.

"मी काय केलं माहितीये?" दर्शन म्हणाला. "डिसेंबरमध्ये तानाजीभाऊंकडे गेलेलो. आंबिवलीला. त्यांच्या पाया पडून बोललो, माझ्या हातून झालं. त्यांची बायको रडली. मी पण रडलो." आता मात्र त्याचा आवाज चढला. "ते परत कोण घेणार? चला. आत्ताच्या आत्ता चला माझ्यासोबत, आणि त्यांना सांगा."

आंबिवलीला स्टेशनपासून दहा मिनिटांवर तानाजींची खोली होती. दार मालनने उघडलं, तानाजींच्या बायकोने. तानाजी कॉटवर बसले होते, डोळ्यावर काळा चष्मा. संचिताने सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी एका दमात जमलं नाही. मिलिसेकंद हा शब्द त्या खोलीत फार लहान वाटत होता.

मालन म्हणाली, "म्हणजे कागदावर चुकीचा आकडा लिहिला, असंच ना?"

"असंच."

"आणि बघितला नाही परत."

"नाही बघितला."

मालनने पदर तोंडाला लावला. तानाजींनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांचा आवाज कापड फाटल्यासारखा यायचा, म्हणून ते मोजकंच बोलायचे. "ताई, तो डबा आता नीट आहे का?"

"कल्याणचा नीट आहे."

"असा दुसरीकडं कुठं आहे?"

"दोन ठिकाणी," संचिता म्हणाली.

"तिथं सांगितलंय?"

"नाही."

"मग इथं काय करताय?" तानाजी म्हणाले.

जिन्यावरून उतरतानाच तिने मोबाइल काढला. मुरबाड रोडच्या कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर अनिमेष म्हणून कोणी होता. त्याला तिने सांगितलं की स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत जाताना मास्क घाला, उद्या सकाळी मी स्वतः येते. तो म्हणाला, "मॅडम, लेखी पाठवा." तिने तिथेच, कठड्याला टेकून, दोन्ही ठिकाणी मेल लिहिली. प्रत प्रभाकर सरांना. दर्शन दोन पायऱ्या खाली थांबून बघत होता. पाठवून झाल्यावर तिने त्याला फोन दाखवला. त्याने वाचलं, मान हलवली आणि एकटाच पुढे निघून गेला.

सरांचा फोन तिला कल्याणला पोहोचायच्या आत आला. "मला विचारायला हवं होतंस," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही मार्च म्हणाला असता, सर."

ते म्हणाले, "उद्या मुरबाड रोडला मीही येतो. तू एकटी जाऊ नकोस."

ते आले. रविवारी दोघांनी मिळून दोन्ही ठिकाणची कामं केली. अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला बोळा डिटेक्टरजवळ धरून, आकडा पुढच्याच उत्तराला उसळतो का ते पाहिलं. उसळला. सर जिन्यावर बसले. ते दमलेले दिसत होते, एकदम म्हातारे. "माझे वडील पेपर तपासताना एक मार्क चुकला तर मुलाच्या घरी जाऊन सांगायचे," ते म्हणाले. "मी विसरलो नव्हतो. फक्त आठवून घेत नव्हतो."

सुधारलेला अहवाल पंधरा दिवसांनी गेला. पुढचं सगळं सरळ झालं नाही. कारखान्याने कंपनीचा डबा काढून टाकला. विमा कंपनीचा वकील अजून पत्रं पाठवतो. अकरातले दोघं दुसरी नोकरी बघून गेले, आणि त्यातली एक, हेमा, जाताना संचिताशी बोलली नाही. त्यांची नऊ वर्षांची मैत्री होती. तानाजींना कॉम्प्रेसरवरून काढून गेटवर बसवलंय. ते काम त्यांना आवडत नाही. डोळा आहे तसाच आहे.

दर्शनसाठी सरांनी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र तयार केलं. संचिताच ते द्यायला गेली. तो एका इमारतीत वायरिंगचं काम करत होता, शिडीवर. खाली उतरून, हात पुसून त्याने पत्र वाचलं. मराठीत होतं. आपल्या कामात कोणताही दोष नव्हता, कंपनीला खेद आहे, आपल्याला पुन्हा काम देण्यास आम्ही उत्सुक आहोत.

"कंपनीला खेद आहे," तो म्हणाला. "तुमचं नाव कुठाय यात?"

तिने पर्समधून पेन काढलं. पत्र शिडीच्या पायरीवर ठेवून सरांच्या सहीखाली लिहिलं: चूक माझी होती. जानेवारीत कळली. फेब्रुवारीत सांगितली. खाली नाव आणि सही.

त्याने ते पुन्हा वाचलं. "जानेवारी कशाला लिहिलं?"

"कारण ते खरं आहे."

त्याने पत्राची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. "मी नाय येणार परत कंपनीत," तो म्हणाला. "सरांना सांगा, राग नाय. पण नाय येणार."

"सांगते."

तो शिडी चढला. वर जाऊन त्याने बोर्डातला एक स्क्रू आवळला आणि दुसऱ्याकडे वळला. संचिता थोडा वेळ खाली उभी होती. मग कोणीतरी सिमेंटची पोती घेऊन आलं, वाट द्यायला ती बाजूला झाली आणि रस्त्यावर आली.